पडत्या बाजारातली मेंढी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर मला माझ्या पोराच्या कपाळाकडं बघावं लागतं. आणि ते कपाळ संक्रांतीपासून बघवत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही मला दुसरीतून काढून मेंढरांमागं लावलंत, त्यामुळं अक्षर हे असं, मुंगळे शाईत बुडवून सोडल्यासारखं. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं, तेव्हा नावं ठेवायची सोय नाही.

जळोचीचं तुमचं रान गेलं. कुणी लुबाडलं नाही, सरकारनं कारखाने काढायला घेतलं आणि पैसे दिले. ज्या माळावर आपली मेंढरं दगड चाटायची तिथं आता पत्र्याची शेडं आहेत. उरला तो विहिरीचा तुकडा. आम्ही त्यातच राहतो. तुम्ही मला दिलीत इंदापूरकडं, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला, टेलाला. तिथं पाणी पोचायचं नाही, पाण्याची नुसती बातमी पोचायची. मालक गेल्यावर पोराला हाताला धरून तुमच्या रानात आले ती आलेच. एकुलती एक म्हणून पैसे माझ्या नावावर आले. पोरगा म्हणाला, "आये, बँकेत ठिवून काय अंडी घालणार हायेत व्हय? शेअर घिऊ." मी म्हटलं घे. आमच्याकडं शेअर म्हणजे साखर कारखान्याचा. एकदा घेतला की तो पेटीत, दिवाळीला सवलतीची साखर, ऊस वेळेवर जातो, सभेला गेलं की चहा. तो पडेल कसा? ह्याच्या शेअरचा मात्र रोज मुंबईला बाजार भरतो, रोज भाव होतो, हे मला फार पुढं कळलं.

पहिल्यांदा तो चढला, खोटं कशाला बोलू. बाहेरदेशीचे लोक आपल्याकडं पैसा लावायला लागलेत म्हणायचे. पोरगा पांढरे कपडे घालून बारामतीत हिंडायचा, चारचौघांत बसून मला ऐकू येईल असं बोलायचा. सुनेला पैंजण आणले. मग दोन-तीन वर्षं भाव नुसता बसून राहिला, रवंथ करणाऱ्या जनावरासारखा. आणि गेल्या आखाडात तिकडं कुठल्या थायलंडात काय झालं आणि हितं आमच्या घरातलं जेवण बंद पडलं.

बंदच म्हणायचं. ताट वाढलं की तो भाकरी मोडतो आणि मोडतच बसतो. दिवसातून तीनदा फोनच्या बूथवर जाऊन मुंबईचा भाव विचारतो. तिथं लाल आकडे पळतात, ते बिलाचे, पण हा त्या आकड्यांकडंही असा बघतो की जणू तेही त्याच्यातूनच वजा होतायत. टीव्हीवर इंग्रजी बातम्या लावतो. इंग्रजी त्याला माझ्याएवढंच येतं, पण बाण खाली आहे का वर एवढं कळतं म्हणतो. आणि पहाटे उठून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसतो. त्याच्या मागं सून कळशी घेऊन जाते. नळाला पाणी आलेलं असतं, हंडे भरलेले असतात, तरी जाते. मी विचारत नाही कशाला गेलीस. ती सांगत नाही. आम्ही दोघी एकमेकींना कधी इतक्या धरून नव्हतो, तुम्हाला म्हणून सांगते.

शेवटी मी उठले आणि बारामतीला गेले, त्या शेअरवाल्याकडं. कापडाच्या दुकानावर माडी, त्यावर त्याचं ऑफिस. गुडघे धरून चढले. आत गेल्या गेल्या तुमचं वाक्य आठवलं. मी आठ-दहा वर्षांची असेन, इंदापूरच्या बाजारात आपण कळप घेऊन उभे होतो, आणि माझी लाडकी काळ्या तोंडाची मेंढी विकली जाणार म्हणून मी रडत होते. तुम्ही माझ्या दंडाला असा चिमटा काढलात की आठवडाभर काळा-निळा होता, आणि म्हणालात, "बाजारात डोळं भरून हुबं ऱ्हायचं न्हाय. गिऱ्हाईक आदी डोळं बघतं, मग मेंढरू." म्हणून मी त्या माडीवर डोळे दगडासारखे कोरडे ठेवले आणि खुर्चीत बसले.

"काय केलंस रं माझ्या पैशाचं?" मी म्हटलं.

"आजी, मी काय न्हाय केलं. थायलंडचा पैसा गडगडला."

"मी कवा गेले हुते थायलंडला?"

तो हसला. बरा माणूस आहे तसा, चहा सांगितला. म्हणाला, बाहेरचे जे मोठे पैसेवाले असतात ते सगळ्याच देशांत थोडं थोडं लावतात. एका घराला आग लागली की अख्ख्या आळीतून सामान काढतात. थायलंड पेटलं, मग शेजारचे पेटले, तसं त्यांनी आपल्याकडचंही विकून पैसे नेले. ते रुपये घेऊन जात नाहीत, डॉलर घेऊन जातात. सगळेच डॉलर मागायला लागले तसा रुपया घसरला. म्हणून नोटेवर जिचं नाव असतं त्या मुंबईच्या मोठ्या बँकेनं संक्रांत झाल्या झाल्या पैसा महाग केला. बाकीच्या बँकांना सांगितलं, व्याज चढवा, आणि तुमच्यातला आणखी पैसा माझ्याकडं आणून ठेवा.

"त्यानं काय हुतं?"

"रुपया थांबतो. पैसा महाग झाला की डॉलर घ्यायला कोण उधळत न्हाय. पण आजी, त्योच पैसा हिकडं बाजारातबी येत हुता. कंपन्यांचं व्याज वाढलं, नफा उतरला. आन् बँकेतच बसल्या जागी चांगलं व्याज मिळाया लागलं तर लोक शेअर कशाला घेतील?"

मी चहा तसाच हातात धरून म्हटलं, "म्हंजे धरणाचं दार खाली केलं म्हन की."

"हां. अगदी तसंच."

"मग टेलाला आदी तुटणार."

तो म्हणाला, "तुमच्या मुलानं घेतलेल्या कंपन्या टेलाच्याच हायेत. लहान लहान. तवा त्याच पळत हुत्या."

आबा, टेलाचं मला कुणी शिकवायला नको. मी वीस वर्षं तिथं काढली. वर धरणावर एक माणूस चाक फिरवतो. तो काही वाईट नसतो. धरणात पाणी उरावं म्हणून त्याला दार पाडावंच लागतं, नाहीतर सगळ्यांचंच जाईल. बारामतीकडल्या उसाला दोन दिवस उशीर होतो, तो तगतो. आणि आमच्याकडं चारीतला चिखल भेगाळतो, बेडूक बाहेर येऊन बसतात, आणि निसवलेली ज्वारी उभ्या उभ्या पांढरी पडते. चाक फिरवणाऱ्याला ती ज्वारी दिसत नाही. त्याच्या जागेवरून दिसायचीच नाही. आता त्याच्यावर राग धरून माझी ज्वारी भरणार आहे का?

"दार परत कवा वर करतील?" मी विचारलं.

"रुपया थांबला की."

"आन् रुपया कवा थांबनार?"

"तिकडं दुनियेत शांत झालं की."

"म्हंजे तुला म्हाईत न्हाय."

"कुणालाच न्हाय आजी," तो म्हणाला, आणि माझ्या कपाकडं बोट केलं, "च्या गार झाला."

मी गारच प्याले. पैसे माझेच होते त्यातले कुठंतरी.

आता खरं दुखणं सांगते. पैसे गेले ते गेले. अर्ध्याच्याही खाली आलेत, कागद पेटीत पडलेत. पण परवा पोरगा म्हणाला की विहिरीचा तुकडा विकू. कारखान्यांमुळं त्याला प्लॉटचा भाव आलाय. शेअर आता मातीमोल झालेत म्हणे, तेच आणखी घेतले की आपला खरेदीचा भाव सरासरीनं खाली येतो, आणि बाजार जरा उठला की सगळं भरून निघतं. गिऱ्हाईकही ठरवून आला. आज इसार द्यायला येणार होतं. सही माझी लागणार.

मी म्हटलं, न्हाय. तर तो मला काय म्हणाला असेल? "आये, तूच सांगितलंयस की. पडत्या बाजारात मेंढी इकू नये. आबांनी इकली व्हती का?"

तुमची ही गोष्ट मीच त्याला भरवली, घासाघासाला. इंदापूरच्या त्याच बाजाराची. त्या साली सांगोल्याकडं पाऊस नव्हता, तिकडचे कळपच्या कळप इंदापूरला उतरले, आणि भाव हितं पडला. आपल्या मेंढरांना काही झालं नव्हतं, धडधाकट होती. पाऊस दुसऱ्याच्या गावाला पडला नाही आणि किंमत आपली उतरली. लोक रडत रडत देऊन गेले. पण माझ्या बापानं, आबांनी, काठी आपटली, म्हणाले "पडत्या बाजारात मेंढी इकू नये", आणि कळप माघारी फिरवून घाट उतरून कोकणात नेला, आणि पुढल्या साली दुपटीनं विकला, त्यातूनच हे रान घेतलं. किती वेळा सांगितली असेल. ताप आला की सांगायची, नापास झाला तेव्हा सांगितली, बाप गेला तेव्हाही सांगितली. तेवढी एकच इस्टेट होती माझ्याकडं त्याला द्यायला.

आणि आज दुपारी तो तीच गोष्ट माझ्या ताटासमोर मांडून बसला होता. सून तव्याजवळ पाठमोरी, पण तिचा हात थांबलेला. गिऱ्हाईक तासाभरात येणार. पोराचे डोळे असे खोल गेलेले की त्यात कळशी सोडली तर दोर पुरणार नाही. मला कळत होतं की नुसतं नाही म्हटलं तर हा उठून विहिरीकडं जाईल. आणि हो म्हटलं तर आणखी महिन्यानं जाईल. मेंढराला पाय होते म्हणून ते घाटाखाली गेलं, कागदाला पाय नसतात, हे त्याला कालच सांगून झालं होतं. म्हणाला, तुला त्यातलं कळत न्हाय. खरंच आहे, कळत नाही. मग त्याला जे कळतं तेच हातात घेतलं.

मी म्हटलं, "आबांचं अर्धंच बोलणं धरून बसलायंस. म्होरलं तुला कुठं म्हाईत हाय?"

"म्होरलं कंचं?"

"पडत्या बाजारात मेंढी इकू नये. आन् पडत्या बाजारात मेंढी घ्यायला रानबी इकू नये. रान ऱ्हायलं तर मेंढी परत यील. मेंढीनं रान येत न्हाय."

"हे आबा म्हनायचे?"

"मग काय मी म्हनती?"

"आजवर कवा सांगितलं न्हाईस ते?"

"तुला कवा रान इकायचं सुचलं व्हतं? भाकरी गार व्हतीय."

आबा, तो माझे डोळे बघत होता. आधी डोळे, मग मेंढरू. मी डाळीत मीठ कमी आहे म्हणून सुनेवर खेकसले आणि पापणी लवू दिली नाही. बऱ्याच वेळानं त्यानं भाकरी मोडली आणि तोंडात घातली. गिऱ्हाईक आलं तेव्हा दारातूनच परत लावलं. सुनेनं त्याला नुसतं पाणी दिलं, चहा केला नाही. मग पोरगा बूथवर गेला. जाताना म्हणाला, "आबा लई श्याना मानूस व्हता." मी म्हटलं, व्हय बाबा.

किती दिवस पुरेल ही गोष्ट, माहीत नाही. उद्या बाण आणखी खाली गेला तर हा परत विचारेल, आबा म्होरं काय म्हनले, आणि माझ्याकडं तुमची काही शिल्लक नाही. सून उद्याही कळशी घेऊन जाणार आहे. मीही आता लवकर उठणार आहे.

हा कागद मी लिहून झाला की फाडणार. पोराच्या हाती लागला तर सगळंच मुसळ केरात. कारण त्या दिवशी मीही होते, आबा. काळ्या तोंडाच्या मेंढीला धरून तुमच्या शेजारीच होते. तुम्ही काठी आपटली नाही. दिवस मावळेपर्यंत उभे राहिलात आणि एकही गिऱ्हाईक तुमच्याकडं फिरकलं नाही. मिळेल त्या भावाला द्यायला तयार होता तुम्ही, मी ऐकलं. मेंढी विकू नये हे तुम्हाला येताना वाटेत सुचलं, आईला काय सांगायचं म्हणून. अर्धी म्हण तुम्ही तशी केलीत, अर्धी आज मी केली. पण तुमचा तो चिमटा खरा होता. आज सगळं तेवढ्यावर निभावलं.