कुणी कुणाला विकलं

सोरगुन,
९ मार्च १९९८

प्रिय गुलसुम मावशी,

तुझा हात ओठांना आणि कपाळाला लावते. आम्ही सगळी बरी आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तू हलवा ढवळायला बसलीस, तर उठताना तुला दोघींनी धरावं लागलं.

त्याच दिवशी तुझी जाऊ हनिफे मला म्हणाली, "साती म्हणजे विकलेली, हे ठाऊक आहे तुला. पण कुणी कुणाला विकली, हे विचारलंस का कधी?" आणि चहात साखर ढवळू लागली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मला सांगितलेलं असं: आईची तीन बाळं दगावली, म्हणून मी जन्मल्यावर तिनं मला तुला खोटंखोटं विकलं. तुझी मुलं जगत होती. मृत्यूनं मला तुझी समजावं आणि आमचं दार सोडावं. घेणारीनं नाव ठेवायचं, म्हणून साती तू ठेवलंस. गावात अशा आणखी तिघी आहेत.

पण त्या तिघींना लग्नाआधी त्यांच्या आयांनी परत विकत घेतलं, सगळ्या बायकांदेखत, डोईचा रुमाल देऊन. माझ्या वेळी ते झालंच नाही. आई म्हणाली, विसरले. आई काही विसरणारी नव्हती.

आणि नवरीच्या कमरेला लाल पट्टा बापानं बांधायचा. माझा बाप धडधाकट दारात उभा होता. मग तुझ्या नवऱ्यानं, वेसेलकाकांनी का बांधला?

मी जन्मले त्याच आठवड्यात तुला पाचवी मुलगी झाली आणि गेली, असं तुम्ही म्हणता. परवा मी कबरस्तानात जाऊन आले. तुमच्या बाजूला लहान कबर एकही नाही. आईच्या तीन बाळांशेजारी मात्र चौथा छोटा दगड आहे, बिननावाचा.

म्हणजे आईचं चौथंही गेलं, आणि तू तुझी मुलगी तिच्या मांडीवर ठेवलीस. विकण्याचा देखावा गावासाठी. बरोबर ना?

तुझा राग येतो, मावशी. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलीस आणि मला शेजारणीसारखं दही देत राहिलीस. मी जड झाले होते, की तुला आईची दया आली? संशय खोटा असेल तर थोबाडीत मार, मी माफी मागेन.

आईला मी आईच म्हणेन. त्यात बदल नाही.

बकरी ईदला येते. सकाळी तुझ्या चौघी मुली थोरलीपासून ओळीनं तुझा हात चुंबायला उभ्या राहतील. मी शेजारणींत थांबू, की पाचवी उभी राहू, तेवढं कळव.

तुझी,
साती