तक्ता तीन, ओळ पाचवी

पेण,
९ जानेवारी २०२५

चि. मृणाली हिस,

आशीर्वाद आहेतच, ते देताना मी अटी घातल्या नव्हत्या, म्हणून आता मागेही घेता येत नाहीत. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. रोह्याला थंडी पडली असेल. क्षेमकुशल इतके पुरे.

सहा दिवस तू फोन उचललेला नाहीस. तुझ्या महाविद्यालयात चौकशी केली, तर "मॅडम तासावर आहेत" असे प्रत्येक वेळी सांगण्यात आले. तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेला सलग सहा दिवस इतके तास मिळतात, हे मला नवीन आहे. म्हणून लेखाची छापील प्रत आणि हे पत्र कुरियरने पाठवते आहे. कागदाला तरी दार उघडशील.

आपला लेख स्वीकारला गेला, याचा अर्थ तो छापला गेला असा होत नाही. मधल्या कामाला लोक कारकुनी म्हणतात. मला मात्र तोच टप्पा सर्वांत प्रिय आहे, कारण तिथे लेखकाची ऐट चालत नाही. स्वल्पविराम चुकला की चुकला. मुदत २० जानेवारीची आहे. तेव्हा नीट वाच.

परीक्षकांसाठी आपण नावे काढून प्रत पाठवली होती. आता शीर्षकपृष्ठ स्वतंत्र करून त्यावर दोघींची नावे, पत्ते आणि ईमेल द्यायचे. शीर्षक तेच राहील: 'नावातील कृतज्ञता: एका खाडीकाठच्या गावातील खांडींची नामपद्धती'. नकाशे मजकुरात चिकटवायचे नाहीत. प्रत्येकाची वेगळी फाईल, तीनशे डीपीआयच्या खाली नको. तू पाठवलेला बांधाचा नकाशा मोबाईलवर काढलेला फोटो आहे आणि त्यात तुझ्या अंगठ्याची सावली आहे. तो पुन्हा काढ. संदर्भसूची आडनावाच्या अकारविल्हे लाव. तुझ्या सूचीत तीन लेखांना पृष्ठांक नाहीत आणि एकाला वर्ष नाही. चार वर्षे माझ्या हाताखाली राहून हे व्हावे, यात दोष कोणाचा, ते मी इथे लिहीत नाही.

तळटीपा दोनच ठेवल्या आहेत. खांड म्हणजे भरतीच्या पाण्याने मातीचा बांध फुटून पडलेले भगदाड. जोळ म्हणजे प्रत्येक घराने पाळीपाळीने माणूस देऊन तो बांध राखण्याची गावाची रीत. वाचक खाडीपासून लांबचा असेल, तर त्याला एवढे पुरे.

आता तक्ता तीन. हा आपल्या लेखाचा कणा आहे. खांडीचे नाव, वर्ष, बुडालेले क्षेत्र, बुजवायला लागलेले दिवस, असे चार रकाने आणि नऊ ओळी. तक्ता चित्र म्हणून टाकायचा नाही, मजकूर म्हणून टाकायचा. शीर्षक वर, स्रोत खाली. पाचव्या ओळीत 'मोरोपंतांची खांड, १९७८' आहे. तिथे तू पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून प्रत मला परत केली होतीस. वर्ष मी तपासले आहे, बरोबर आहे. क्षेत्रही बरोबर आहे. मोरोपंत हे माझे वडील होते, म्हणून ती ओळ वगळावी असे तुला वाटत असेल, तर तो खोटा विनय होईल. ज्याने खांड बुजवायला मदत केली, त्याचे नाव गावाने खांडीला दिले. नऊही ओळींना एकच न्याय.

राहिला सहीचा कागद. दोन्ही लेखिकांच्या सह्यांशिवाय संपादक फाईल उघडणारसुद्धा नाहीत. तुझा प्रबंध मार्चअखेर सादर व्हायचा आहे आणि त्याला हा लेख जोडायचा आहे, हे तुला माहीत आहे. तरीही सही येणार नसेल, तर मी तुझे नाव शीर्षकपृष्ठावरून काढून ऋणनिर्देशात घालीन. 'क्षेत्रकार्यात साहाय्य' अशा दोन शब्दांत. मी हे करू शकते, आणि करीन.

तुझी मार्गदर्शक,
वृंदा

०

पेण,
१७ जानेवारी २०२५

मृणाली,

प्रत परत मिळाली. सही नाही. जिथे मी 'हितसंबंधांचे निवेदन: लेखिकांचे कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत' असे छापले होते, त्याभोवती तू पेन्सिलचे वर्तुळ काढले आहेस आणि खाली लिहिले आहेस, "मॅडम, एकदा हौसाआत्याकडे जाऊन या. मी सांगितलं तर तुम्हाला उद्धटपणा वाटेल. तोवर सही नाही."

उद्धटपणा मला तसाही वाटला. तरी काल गेले. रोह्याला एस.टी.तून उतरूनही तुझ्याकडे आले नाही, ते मुद्दाम. रिक्षा करून थेट तुमच्या गावी गेले.

तुझी आत्या ओटीवर कडवे वाल सोलत बसली होती. मला पाहून उठली नाही, पण पायरी पदराने झाडली. मी प्रत उघडून तक्ता दाखवला आणि पाचव्या ओळीत काय चुकले आहे ते विचारले. ती म्हणाली, "मला वाचता येत नाय, बाय. तुमीच वाचा." मी नऊही नावे वाचली. प्रत्येक नावाला ती मान हलवीत गेली. मग म्हणाली, "बराबर हाय की. नऊच्या नऊ चुकार."

मला कळले नाही, हे मी मान्य करते.

"ज्याच्या घरची पाली होती नि मानूस नव्हता," ती म्हणाली, "त्याचं नाव खांडीला. जोलीची रीत हाय ती. बुजवाया त आख्खा गाव जातो. त्येचं कुनाचं नाव ठेवनार?"

"पण चांगले काम करणाऱ्याचे नाव नको का राहायला?" मी विचारले.

"चांगलं त सगल्यांनीच करायचं असतं. चुकला त्याचंच ध्यानात ठेवायचं, म्हंजी फुडल्या उधानाला कुनी झोपनार नाय."

मृणाली, मी संशोधनपद्धती शिकवण्यात तीस वर्षे घालवली. पेणेत शाळेच्या सभागृहाला, वाचनालयाच्या खोलीला, पाणपोईला, जिथे जिथे माणसाचे नाव आहे, तिथे ते देणाऱ्याचे आहे, संगमरवरावर कोरलेले. त्यातल्या दोन पाट्या आमच्याच घराण्याच्या आहेत. त्यामुळे तुमच्या खांडींना माणसांची नावे ऐकली, तेव्हा ती का दिली, हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत आलाच नाही. बेचाळीस प्रश्न होते. हा नव्हता.

मी हौसाबाईंना म्हटले, "मग तीन वर्षांपूर्वी, मी इथेच बसून विचारत होते, तेव्हा का नाही सांगितलेत?"

"तुमी काय इचारलंत? तुमी त सांगितलंत. ही माझ्या वडलांच्या नावाची खांड, म्हनालात, नि डोलं पुसलंत. घरी आलेल्या बाईच्या तोंडावर आमी काय बोलनार? मी म्हनलं, चाय घ्या."

घरी येऊन माझी त्या दिवसाची टिपणवही काढली. तारीख आहे, वेळ आहे, उपस्थितांची संख्या सात आहे. पुढे माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'वडिलांचे नाव निघताच सर्वांची आदरपूर्वक शांतता.' 'आदरपूर्वक' हा शब्द मी निरीक्षण म्हणून नोंदवला आहे.

त्या सातांत तू होतीस. माझ्या शेजारी बसली होतीस. तीन वर्षे तू हा तक्ता टंकित केलास, त्याचे रकाने सरळ केलेस आणि बोलली नाहीस. तुझी आत्या सांगते, तिनेच तुला दटावले होते: "तुजी पदवी बाईच्या हातात हाय, गप बस गो." आत्याचे मी समजू शकते. तुझे समजू शकत नाही. खोटे विधान तपासणे हे शिष्येचे काम असते, आणि ते लेख स्वीकारला जाण्याच्या आधी करायचे असते, नंतर पेन्सिलने नव्हे. माझा राग त्यामुळे कमी झालेला नाही, हे स्पष्ट असू दे.

तरीही तू अजून एक गोष्ट गाळली आहेस, आणि मीही गाळते आहे. पद्धतीप्रमाणे ती लिहायला हवी.

१९७८ साली आमच्या घराच्या पाळीला बांधावर उभा राहणारा माणूस म्हणजे तुझे आजोबा कान्हू. तुमच्या गावातली आमची शेती तेच पाहत. भात पोटरीत होते. सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळी ते केळीची पाने आणि भाजी घेऊन पेणेला आले. अमावास्येचे उधाण दुपारी साडेबाराच्या सुमारास भरणार होते. सकाळी ते वडिलांना म्हणाले, "पयल्या गाडीनं निंगतो, दादा. आज पानी मोटं हाय." वडील म्हणाले, "आजच्या दिवशी आमच्या दारातून कोणी उपाशी जात नाही. जेवून जा." श्राद्धाचे जेवण दुपार कलल्याशिवाय होत नाही, हे तुला सांगायला नको. कान्हूंनी आणखी एकदा विचारले. दुसऱ्यांदा वडिलांनी उत्तर दिले नाही.

मागच्या पडवीत त्यांना खीर वाढायला मला पाठवले होते. मी अकरा वर्षांची होते. त्यांनी पान संपवले नाही. ते उन्हाकडे बघत होते. मी आईला जाऊन सांगितले की कान्हूला खीर आवडली नाही.

तुमची चाळीस एकर शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. त्यात कान्हूंची स्वतःची दीड एकर होती. गावातून माणसे आली, तेव्हा वडील आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. हेही मी पाहिले. मला हे सारे नेहमी आठवत होते. फक्त त्याचा तक्ता तीनशी संबंध आहे, असे मी स्वतःला कधी विचारले नाही. हौसाबाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बा घरी आला तो खिरीचंच बोलत व्हता. गोड होती म्हनाला." मग त्यांनी सुनेला हाक मारली, "जने, चाय ठेव गो. बाईच्या तोंडचं पानी पलालं." मी चहा घेतला.

आता कामाचे. संपादकांना काल ईमेल केला: मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, लेख छापू नये, दुरुस्त प्रत पाठवीत आहोत, ती त्यांनी पुन्हा परीक्षकांकडे द्यावी किंवा नाकारावी. बहुधा नाकारतील. तुझी मार्चची तारीख हुकेल. त्याबद्दल मी दिलगिरी लिहीत नाही. निम्मी जबाबदारी तुझ्या मौनाची आहे. निम्मी माझी आहे, आणि ती विद्यापीठाला लेखी कळवून मी तुझ्यासाठी मुदतवाढ मागितली आहे.

शीर्षक बदलले आहे. 'कृतज्ञता' काढली. तक्ता तीनमध्ये पाचवा रकाना घातला आहे: 'पाळीचा माणूस कुठे होता'. आठ ओळी हौसाबाईंनी सांगितल्या तशा भरल्या. एक जण लग्नात होता, एक तापाने फणफणला होता, एक सरळ झोपला होता. पाचव्या ओळीत मी लिहिले आहे, 'मालकाच्या घरी, जेवणासाठी थांबवलेला'. रकाना अरुंद होता, म्हणून फाँट एका अंकाने कमी करावा लागला.

हितसंबंधांचे निवेदन असे राहील: 'प्रथम लेखिका ही पाचव्या ओळीतील मालकाची मुलगी आहे. द्वितीय लेखिका ही त्याच ओळीतील माणसाची नात आहे. त्या दुपारी प्रथम लेखिका घरी होती.' तिसरे वाक्य नियमाप्रमाणे अनावश्यक आहे. ते काढायचे नाही.

अंगठ्याची सावली असलेला नकाशा मात्र पुन्हा काढ. त्याला क्षमा नाही.

सहीचा कागद सोबत जोडला आहे. माझी सही झाली आहे. तुझ्या सहीसाठी मी आता फोन करणार नाही, कुरियरही पाठवणार नाही.

मोरोपंतांची मुलगी,
वृंदा