उत्तरं न लिहिलेली वही

घरात सहा पेनं आहेत आणि सहाही पेनांची टोपणं चावलेली आहेत. अशा दंतक्षतांकित लेखणीने अंतिम इच्छा नोंदवावी लागते आहे, हा माझ्यावरचा अन्याय प्रथम नमूद करतो. बाकी मी, वय बावन्न, शाळेत संस्कृत शिकवणारा, पूर्ण शुद्धीवर आहे आणि कुणाच्या धाकाखाली लिहीत नाही. बायको शेजारी बसली आहे खरी, पण ती मटार सोलते आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. मोरीतला गळका नळही तिचाच. "उद्या बघतो" हे माझं वचन मात्र वारसाहक्काने कुणाकडेही जात नाही.

२. धाकट्या भावाला माझं ड्रिल मशीन. ते चार वर्षं त्याच्याकडेच आहे. आता निदान मी आलो की पलंगाखाली ढकलायला नको.

३. माझा बालमित्र, हल्ली दातांचा डॉक्टर, शाळेत कोडं पुरं व्हायच्या आत उत्तर ओरडायचा. त्यानेच बनवलेली, मला कधीच न बसलेली कवळी त्याला सादर परत. माझ्या मुलीसमोर त्याने एकाही कोड्याचं उत्तर फोडू नये, ही सक्त ताकीद.

४. कोड्यांची वही. सव्वीस वर्षं मधल्या सुट्टीत पोरांनी घातलेली चारशे अकरा कोडी तीत आहेत. उत्तर एकाचंही नाही. वर्गाचा नियमच तसा: उत्तर हवं तर वहीवाल्याकडे येऊन विचारायचं. रविवारी मी नियम मोडून उत्तरं लिहायला बसलो. पहिलंच कोडं, 'पाय नाहीत, पण दिवसभर चालतं.'

"घड्याळ," सहावीतली मुलगी मागून म्हणाली. "बाबा, चीटिंग करतोयस तू."

"अगं, गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. मी नसलो तर कुणाला विचारशील?"

"तुलाच. घरी आलास की रोज पाच विचारणार. कबूल?"

"कबूल."

तिने वही दप्तरात कोंबली. सबब, वही तिची, उत्तरांविना.

साक्षीदार:
१. दातांचा डॉक्टर (कलम तीनला हरकत घेऊन)
२. शेजारच्या औषधवाल्या काकू (चष्मा विसरल्याने, विश्वासावर)

ठिकाण: जेवणाचं टेबल. बुधवार, दुपार.
सही

सही झाल्यावर एवढंच लिहितो. भीती वाटत नाही, असं सगळ्यांना सांगितलं आहे. वाटते. मी पोरीला कबूल म्हणून बसलो, आणि ते पाळणं माझ्या हातात नाही.