जिथून उचललं, तिथेच सोडायचं

३ जानेवारी, सोमवार

आलो एकदाचे! ट्रक दुपारी एकला आला, तीनपर्यंत सगळं सामान आत. तळमजला, दोन खोल्या, पुढे फाटक आणि रस्त्याकडे उघडणारी भलीमोठी खिडकी. बाबांची कॉट त्याच खिडकीला लावली. दोन वर्षं झाली, कमरेखालचं सगळं गेलंय त्यांचं. वरचं मात्र शाबूत आहे, आणि जीभ तर विचारूच नका. पडल्या पडल्या हमालांना इतक्या सूचना दिल्या की शेवटी एकाने विचारलं, साहेब, कॉट तुमच्यासकट उचलू का? बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

दादा-वहिनींनी त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवून टाकलं होतं. फॉर्म भरून तयार. मी तो त्यांच्यासमोर टराटरा फाडला आणि सांगितलं, माझा बाप माझ्याकडे राहील. दादा म्हणाला, सहा महिन्यांत कळेल तुला. बघूच! शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी गेली माझी, अक्कल नाही गेली. नवरा नाही, पोरं नाहीत, बाबा आहेत. मला पुरेत.

गल्लीत पाच कुत्री आहेत. संध्याकाळपर्यंत बाबांची पाचांशीही दोस्ती झाली.

१२ जानेवारी, बुधवार

सकाळी बाबांचं सगळं करायला एक मावशी येतात, तेवढे चार तास माझे. औषधांच्या दुकानात चिठ्ठी लावलेली होती, भटक्या कुत्र्यांच्या संस्थेला स्वयंसेवक हवेत. गेले. बाबा म्हणाले, जा जा, माणसांशी तुझं पटत नाही, कुत्र्यांशी पटतंय का बघ.

संस्था म्हणजे गावाबाहेर दगडाच्या खाणीजवळ एक पत्र्याची शेड आणि बारा पिंजरे. चालवतात त्या ताई. नर्स होत्या, आवाज अजून वॉर्डातलाच. एक डॉक्टर आठवड्यातून तीनदा येऊन ऑपरेशनं करतात, पिल्लावळ वाढू नये म्हणून. आणि एक जाळीमामा. हा माणूस दिवसाला चार शब्द बोलत असेल, पण जाळी एकदाच फेकतो आणि कुत्रं आत.

माझं अक्षर चांगलं म्हणून मला कार्डांचं काम दिलं. प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड. वरच्या ओळीत कुत्रं कुठून उचललं ती जागा, खालच्या ओळीत कार्ड लिहिणाऱ्या स्वयंसेवकाचा पत्ता. ऑपरेशन झालं की डाव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे लांबूनही कळतं. कान कापलेलं कुत्रं पुन्हा कोणी उचलत नाही. पाच दिवस ठेवायचं आणि जिथून उचललं, तिथेच सोडायचं. ताईंनी हे माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं. एक गल्ली जरी चुकली तरी तिथली कुत्री परक्याला फाडून खातात.

२१ जानेवारी, शुक्रवार

हेल्पलाइनचा फोन या आठवड्यात माझ्याकडे. देवा रे! लोक सांगतात कसं, तर तुमचं कुत्रं आमच्या दारात बसलंय, घेऊन जा. तुमचं! जसं काही मीच त्याला जन्म दिलाय. एका बाईने सांगितलं की कुत्र्याचं तोंड तिला आवडत नाही. एकाने धमकी दिली की तासाभरात गाडी आली नाही तर विष घालीन. काल सकाळी कोणीतरी पोत्यात बांधून सात पिल्लं कुंपणावरून आत टाकली, त्यातली चार जिवंत. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

स्वयंसेवकांच्या ग्रुपवर आपसात मारामाऱ्या वेगळ्याच. भात घालायचा की बिस्किटं, यावर दोघी जणी तीन दिवस भांडून ग्रुप सोडून गेल्या.

घाबरलेल्यांना सांगायचं एक ठरलेलं वाक्य ताईंनी पाठ करायला दिलंय. पळू नका, डोळ्यात बघू नका, मान खाली घालून काहीतरी करत राहा, ते आपोआप जाईल. मी ते दिवसातून वीसदा म्हणते. बाबा माझी नक्कल करतात.

२ फेब्रुवारी, बुधवार

एका सकाळीत अकरा कुत्री. अकरा! फोन सतत चालू, डॉक्टर ओरडतायत, एका कानाला फोन लावून मी कार्डं लिहितेय. शेवटचं कार्ड तांबडीचं. लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीतली, तांबूस, हडकुळी मादी. भुंकत नाही, गुरगुरत नाही. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून नुसती एकटक बघते.

घरी यायला उशीर झाला. बाबा रुसले होते. त्यांना पाव-दूध भरवून समजूत काढली.

७ फेब्रुवारी, सोमवार

 लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

तांबडीला सोडायचा आज दिवस. जाळीमामांनी कार्ड पुढे करून मला काहीतरी विचारलं. मी फोनवर होते, एक माणूस मला शिव्या देत होता. मी न बघता हात झटकला, कार्डावर आहे तिथेच सोडा म्हटलं. ते गेले.

मी घरी पोहोचले तेव्हा फाटकाबाहेर रक्त. वरच्या मजल्यावरची घरमालकीण जिन्यातून माझ्या नावाने ओरडत होती. जाळीमामांनी कार्ड फाटकाला अडकवून ठेवलं होतं; वरच्या ओळीत वखारीमागची गल्ली नव्हती. माझ्या घराचा पत्ता होता. माझ्याच सुंदर अक्षरात. दोन ओळी मी उलट्यापालट्या लिहिल्या होत्या.

तांबडी पिंजऱ्यातून उतरली, गाडी वळून गेली आणि गल्लीतल्या पाचांनी तिला घेरलं. बाबांच्या खिडकीखाली. मावशी मागे कपडे धूत होत्या, नळाच्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. बाबा म्हणाले की ती शेवटपर्यंत खिडकीकडे बघत होती आणि ते हाकांवर हाका मारत होते. उठता आलं नाही म्हणून माझे बाबा रडले. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

तिला खाणीमागे पुरलं. ताईंनी जाळीमामांना सगळ्यांसमोर झाडलं, कार्ड वाचता येत नाही का म्हणून. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी गप्प राहिले. ताईंनी त्यांना उद्यापासून येऊ नका सांगितलं, तरी गप्प राहिले. जाताना ते माझ्याकडे बघून गेले. लाज वाटते माझी मला. पण खरं बोलले असते तर मला काढलं असतं, आणि सकाळचे चार तासच तर आहेत माझे.

घरी येऊन कार्ड गॅसवर जाळलं.

१४ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा फोनचा आठवडा. सकाळी पहिलाच फोन खाणीजवळच्या वजनकाट्यावरून. तांबडं कुत्रं आहे, कान कापलेला, मानेवर मोठी जखम, वास मारतोय. गाडी घेऊन गेले. काहीच नाही. काट्यावरचा माणूस माझ्यावरच खेकसला, इतका वेळ लावता म्हणून.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

पेट्रोल पंप. तेच वर्णन. मानेची जखम, कापलेला कान. बसून नुसतं बघतंय म्हणाले. मी पोहोचेपर्यंत गेलेलं.

ताईंना विचारलं, खड्डा नीट बुजवला होता ना? त्यांनी मला डोकं ठिकाणावर ठेवायला सांगितलं.

१६ फेब्रुवारी, बुधवार

शाळा. तिथल्या शिपायाने दगड मारला, म्हणाला, लागला पण ते हललं नाही.

आज येताना लक्षात आलं. वजनकाटा, पंप, शाळा. हा माझा घरी यायचा रस्ता आहे. ती रोज एक एक थांबा पुढे येतेय.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

बेकरी. बेकरीपासून आमची गल्ली दिसते.

जाळीमामांच्या घरी गेले. पाय धरायचेच बाकी ठेवले. चूक माझी होती, कार्ड मीच लिहिलं होतं, सगळं कबूल केलं. तिला पकडा, वखारीमागे नेऊन सोडा, म्हणाल तर ताईंना आत्ता फोन करते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, कान कापलेला आहे, आता तिला कोणी उचलायचं नसतं. तिची जागा तुम्ही लिहून दिलीत. आणि दार लावून घेतलं.

नवीन कार्ड लिहिलं. वरच्या ओळीत वखार, ठळक. खाणीमागे जाऊन खड्ड्यावर ठेवणार होते. खड्डा उकरलेला होता. आतून.

१९ फेब्रुवारी, शनिवार

काल एकही फोन आला नाही. बरं वाटायला हवं होतं. गल्लीतली पाच कुत्री आमच्या फाटकासमोर रांगेत पडून आहेत. भुंकत नाहीत. बाबा खुशीत.

२१ फेब्रुवारी, सोमवार

बाबा म्हणाले, पायाशी छान ऊब वाटते गं.

पाय! त्यांच्या पायांवर गरम चहा सांडला होता तरी त्यांना कळलं नव्हतं. मी आनंदाने ओरडलेच. मग चादर बघितली. पायथ्याशी चादर खोलगट झालेली, कोणीतरी गोल होऊन झोपलं असावं तशी. तांबूस केस. उग्र वास.

चादर धुवायला घेतली तर बाबा माझ्या अंगावर ओरडले. असे कधीच ओरडत नाहीत.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

मावशी काम सोडून गेल्या. बाबांचं अंग पुसायला गेल्या तर कॉटखालून काहीतरी गुरगुरलं म्हणे. मी खाली वाकून बघितलं. काही नव्हतं. मावशी फाटकातून मला म्हणाल्या, ताई, तुम्ही पण निघा, त्या घराला आता बाहेरचं माणूस चालत नाही.

बाहेरचं माणूस! मी मुलगी आहे त्यांची.

२४ फेब्रुवारी

बाबांनी डाव्या पायाचा अंगठा हलवला. डॉक्टरला फोन करते म्हटलं तर हसले. माझ्या हातचं खात नाहीत. मी जवळ गेले की नाक वर करून वास घेतात आणि तोंड फिरवतात. काल मला विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात?

दादाला फोन केला. उचलला नाही. सहा महिने कशाला, पन्नास दिवस पुरले मला—

२५ फेब्रुवारी

बाबांना इथून हलवायचं. आश्रम तर आश्रम. रुग्णवाहिका ठरवली, उद्या दुपारी बाराला. बाबांना अजून सांगितलं नाही.

कॉटखाली शेपूट आपटल्याचा आवाज. ठक ठक. मी बोलायला लागले की थांबतो.

२६ फेब्रुवारी, दुपारी दीड

जिन्याच्या पायरीवर बसून लिहितेय, वही पर्समध्येच होती. रुग्णवाहिका गल्लीत वळेना म्हणून कोपऱ्यापर्यंत गेले होते. पाच मिनिटं, फार तर. ड्रायव्हरने गल्लीकडे बघितलं आणि गाडी मागे घेऊन निघून गेला.

परत आले तर दाराला आतून कडी.

आतून. घरात बाबांशिवाय कोणी नाही.

खिडकीशी आले. बाबा उभे आहेत. दोन पायांवर उभे! मी रडले, हसले, बाबा बाबा म्हणून गज धरले. शेजारी चौकटीवर दोन तांबडे पंजे. मानेला भोक. डाव्या कानाला टोक नाही. बाबांचा हात तिच्या डोक्यावर. ती माझ्याकडे एकटक— बाबासुद्धा तसेच, अगदी तसेच बघत—

फाटकातली पाचही उठली.

घरमालकीणबाईंना हाका मारल्या. वरचं दार बंद झालं, खिडकीही.

हेल्पलाइनचा फोन अजून माझ्याचकडे, तो वाजला. नंबर बाबांचा. गजांपलीकडे ते फोन कानाला लावून उभे, तोंड हलताना दिसत होतं. नमस्कार म्हणाले. फार अदबीने सांगितलं, आमच्या दारात एक बाई बसलीय. इथली नाही. आमच्या गल्लीतली नाही. घेऊन जा हो कोणीतरी. मी म्हटलं, बाबा, मी आहे, मी. तुमच्यासाठी सगळं सोडून आले ना मी. ते पुन्हा म्हणाले, इथली नाही. आणि ठेवला.

पाचही फाटकाच्या आत. अर्धा गोल केलाय.

पळायचं नाही. मान खाली. डोळ्यात बघायचं नाही. काहीतरी करत राहायचं. म्हणून लिहितेय. लिहितेय. ते आपोआप जाईल. आपोआप—

कडी काढल्याचा आवाज. दार उघडलं. माझ्यासाठी नाही. तांबडी बाहेर आलीय, मागे पावलं, बाबांची, चालतायत माझे बाबा, किती वर्षांनी—

मी वर बघणार नाही.

ते पायरीशी उभे आहेत. हसण्याचा आवाज येतोय. चुटकी वाजवली. लहानपणी मला बोलवायचे तशी नाही, ही वेगळी. कुत्र्यांना म्हणतायत, छू.

छू—

बाबा, मी आ