परत आलेली पाळी

३ मार्च, सोमवार
आज हार्मोनची पहिली पट्टी लावली. कमरेखाली, उजव्या बाजूला. टपाल तिकिटाएवढी असेल. सोमवारी आणि गुरुवारी बदलायची, शिवाय झोपताना एक गोळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरुवातीला शरीर कुरकुर करेल. मळमळेल, डोकं दुखेल. घाबरून लगेच सोडू नका."

घेतेय ती कामासाठी. कारखान्यात मी औषधाच्या रिकाम्या बाटल्या तपासते. उजेडाच्या काचेसमोर बसायचं, बाटल्या सरकत येतात, तडा दिसला की उचलून बाजूला. गेल्या महिन्यात तडा गेलेल्या बाटल्या माझ्यासमोरून सरळ पुढे गेल्या. रात्री झोप नाही, दिवसा अंगातून वाफा. साहेब म्हणाले, "बाई, काहीतरी उपचार करा, नाहीतर तुम्हाला खोकी बांधायला बसवावं लागेल."

६ मार्च, गुरुवार
सकाळपासून मळमळ. पट्टी काढली तिथे लाल चौकोन उठलाय, खाजतोय.

माझ्या शेजारी बसते तिला सगळ्या रेडिओ म्हणतात — पूर्ण पाळीभर बंद होत नाही. मी दोनदा तोंडाला पदर लावून उठले तर म्हणाली, "ताई, या वयात डोहाळे लागले की काय तुम्हाला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तिच्या लक्षात आलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रेडिओ बंद होता. जेवताना तिने तिच्या डब्यातलं लिंबू माझ्यापुढे सरकवलं.

१० मार्च, सोमवार
छाती जड झालीय, ताठ. ब्लाउजचा हूक लावताना कळ आली. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं होतं. पण असं दुखणं मला माहीत आहे. लेक अंगावर पीत होती तेव्हाचं. ती झोपून गेली आणि दूध साठलं की असंच व्हायचं.

तिला जाऊन दीड वर्ष होत आलं. एकोणीस वर्षांची होती. ताप म्हणून दवाखान्यात नेली, चालत गेली होती. घरी आम्ही दोघंच आलो.

शरीराला कुणी सांगितलेलंच नाही वाटतं.

१३ मार्च, गुरुवार
डोकं ठणकतंय, पोट फुगलंय. घरी रडू येत नाही, बसथांब्यावर येतं.

१५ मार्च, शनिवार
वन्संचा फोन. यांच्याकडून त्यांना कळलं असावं. "आम्ही नाही का काढलं हे वय, पट्ट्याबिट्ट्या न लावता?" मग म्हणाल्या, "पण बरं झालं बाई, तू स्वतःकडे बघायला लागलीस." मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. टोमणा होता हे भांडी घासताना कळलं.

१८ मार्च, मंगळवार
लेक गेली त्याच महिन्यात माझी पाळी थांबली, ती थांबलीच. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं. म्हटलं, आता काय करायचंय पाळीचं.

आज दुपारी कारखान्याच्या मोरीत बघितलं तर डाग. बाहेर येऊन यांना फोन लावला. "अहो, माझी पाळी परत आली."

हे म्हणाले, "कुठली? सकाळची का दुपारची?"

मला आधी कळेना. हे पुढे चालूच — "आधी सांगायचं नाही का? मग संध्याकाळी मी फाटकाशी येऊ की नको?"

मी हसले. किती दिवसांनी, ते आठवत नाही. फाटकावरचा पहारेकरी वळून बघायला लागला. "अहो, कारखान्याची नाही. माझी." मग हळूच म्हणाले, "बरं. घरी येताना काही आणायचंय का?"

संध्याकाळी चहा घेताना माझ्या तोंडून गेलं, "पाळी खरं तर माझीच होती. तिची नव्हती. मधेच ती कशी पुढे गेली?" यांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि बाहेर गेले. तिचा विषय निघाला की उठून जातात. दीड वर्षात यांच्या तोंडून तिच्याबद्दल एक शब्द नाही. मी वाट बघणं सोडलं होतं, तरी आज बघितली.

२० मार्च, गुरुवार
डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, सुरुवातीच्या महिन्यांत असे डाग लागतात, घाबरू नका. जास्त जायला लागलं किंवा थांबेचना तर लगेच या, तपासू.

मी म्हटलं, मला बंद करायचंय.

"त्रास सहन होत नाही का?"

"त्रास सहन होतो."

"मग?"

मी पट्टीची कड नखाने उचकटत होते. म्हणाल्या, "सोमवारपर्यंत विचार करा."

२३ मार्च, रविवार
डाग थांबलेत. मळमळ जवळजवळ नाही. वाफा कमी झाल्यात. काल बाटल्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की केसाएवढा तडासुद्धा सुटला नाही. साहेब जाताना म्हणाले, "छान." रेडिओने टेबल वाजवलं.

मला छान वाटलं आणि लगेच भीती वाटली. दीड वर्ष मी जागी आहे, ती गेली म्हणून जागी आहे. आता झोपायला लागले, कामात लक्ष लागलं, तर तिच्यासाठी काय राहिलं? हे बोलत नाहीत. मीही बरी झाले तर या घरात ती कुठेच नाही.

उद्या जुनी पट्टी काढायची. नवी लावायची नाही. ठरलं.

२४ मार्च, सोमवार
सबंध रात्र झोपले. उठले, दूध गॅसवर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून नेहमीसारखी ओरडले — उठ गं, उशीर होतोय!

ओरडून झालं, मग कळलं. ओटा धरून उभी राहिले. हे दारात आले. वाटलं, आता रागावतील.

म्हणाले, "अजून एकदा हाक मार ना तिला. मी झोपेत होतो."

मारली. मग नवी पट्टी लावली.