दाराखालचा पाईप

सोमवार, १७ नोव्हेंबर

बाबांना दिसत नाही! पेपर हात लांब करून वाचतात तेव्हापासून संशय होताच, आज खात्री पटली. त्यांचं वेल्डिंग बघितलं — चार बोटं टाका, चार बोटं कोरं, परत टाका. मध्ये मध्ये सुटलेलं!

गाडी पनवेलच्या दिपेशची. जुना फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप, डोंगरात दगडांवरून चालवायच्या स्पर्धेसाठी. दगडावर बसली की दाराखालचा पत्रा चेपतो, म्हणून दोन्ही बाजूंना जाड लोखंडी पाईप जोडायचा. बाबांचं नाव ऐकून तो इथवर म्हसळ्याला आला.

त्यांच्याच हाताखाली वेल्डिंग शिकलेली पोरगी मी. बाबांना म्हटलं, इथे सुटलंय. "बरोबर हाय. हात नको लावू." बरोबर काय, कपाळ!

मंगळवार, १८

एका जागी बसवत नाही. चहा दोनदा उतू गेला. दिपेश म्हणाला होता, "काका, एकदम मजबूत पाहिजे हां, बाजूला बायको बसणार आहे माझी." पाईप सुटला तर? आणि लोक म्हणाले, बुधाजी मिस्तरी संपला, तर? बाबा ते सहन करणार नाहीत.

बुधवार, १९

परत विचारलं. परत तेच — "हात नको लावू."

गुरुवार, २०

बाबा रेलिंगचं माप घ्यायला आगरदांड्याला गेले. मी सगळ्या कोऱ्या जागा भरल्या. दोन्ही बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. वर रंग मारला. काय देखणं झालंय! त्यांना कळणारही नाही.

शनिवार, २२

दारं लागत नाहीत! दिपेश गाडी न्यायला आला, डावं दार ओढलं — खालून अडलं. उजवंही तसंच. तापून पत्रा ओढला गेलाय. बघताक्षणी मला कळलं. पातळ पत्र्याला सलग टाका मारायचाच नसतो, जागा सोडत सोडत मारायचा. त्या कोऱ्या जागा बाबांनी मुद्दाम सोडल्या होत्या. मुद्दाम! माती खाल्ली मी.

"काका, हे काय करून ठेवलंय? पुढच्या रविवारी तळा गावात स्पर्धा आहे माझी!" दिपेश सगळ्यांसमोर ओरडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी सांध्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माझी चूक. नजर ऱ्हायली न्हाय आता. परत करून देतो."

आणि मी गप्प. गप्प!

मंगळवार, २५

बाबांनी सगळं कापून नव्याने जोडलं. दारं लागली, दिपेश गाडी घेऊन गेला. पण शेजारच्या पंक्चरवाल्या हिरामणला बाबा सांगत होते, "माझं आता बंद. पोरगी बघंल." बंद! पंचेचाळीस वर्षांचं काम, माझ्या आगाऊपणामुळे. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. बाबा ताटावर समोर बसले की दुसरंच काहीतरी बोलते.

गुरुवार, २७

श्रीवर्धनला डोळे तपासून आणले. वाचायला चष्मा लागेल, बाकी नजर स्वच्छ. येताना एसटीत मी सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," बाबा म्हणाले. "तुझा टाका मी वळखत न्हाय व्हय?"

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"तू पोरगी. एकदा नाव खराब झालं तर तुला कोन काम देनार हितं? माझं काय, झालं माझं."

मी रडले. भर एसटीत, मोठ्याने. कंडक्टर बघत होता. बघू दे.

शुक्रवार, २८

सकाळी दिपेशला फोन करून सांगितलं. मग हिरामणच्या दुकानात पाच-सहा माणसं बसली होती, त्यांनाही — दारं मी बिघडवली, बाबांनी नाही. बाबा घरी भडकले, "कोनी सांगितला हा शहाणपणा?"

दुपारी एकजण ट्रॅक्टरची ट्रॉली दुरुस्तीला घेऊन आला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मिस्तरी, काम तुम्हीच करायचं. पोरीनं न्हाय."

'बंद' म्हणालेले बाबा परत कामाला बसले. मला वाईट वाटलं — आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं!