भाद्रपदातल्या गारा

सोलापूर, २१ सप्टेंबर १९३६

प्रिय सिद्धाराम,

नेब्रास्काहून आलेलं तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा माझ्या खुर्चीत बसून, नेहमीसारखं, चष्मा पुसत पुसत. दुसऱ्यांदा तुझ्या गावच्या शेतात, भर उन्हात उभी राहून, मोठ्यानं. गाव तुझ्या आईची समाधी उकरायला निघालं होतं आणि ते थांबवायला माझ्या हातात त्या पत्राशिवाय काही नव्हतं. शेवट आधी वाचायची तुझी लहानपणची खोड आज आवर, बाळ. मी सांगते त्याच ओळीनं वाच.

यंदा मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, आणि पुढची नक्षत्रं नुसतं वारं घालून गेली. इथे सोलापुरात विहिरीत पोहरा टाकला की दगडावर आपटल्याचा आवाज येतो. तू लिहिलंस की तिकडे हिवाळ्यात गुरं उभ्या उभ्या गोठली, आणि त्याच शेतांवर जुलैत माणसं उष्म्यानं मेली. धुळीमुळे दुपारी दिवे लावावे लागतात. गेल्या साली चीनमध्ये नदीनं गावंच्या गावं नेल्याचं पेपरात आलं होतं. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर भूगोल शिकवायच्या तेव्हा पृथ्वीवर कुठे केव्हा पाऊस पडतो याचा रंगीत नकाशा भिंतीवर असायचा. तो नकाशा मी मनाशी खरा धरून बसले होते. तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, कुणीतरी तो भिंतीवरून ओढून फाडला आहे.

कस्तुराची आठवण रोज येते. तुला कडेवर घेऊन ती माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हातांवरचं कोड कोपरापर्यंत चढलं होतं, आणि नवऱ्यानं तिचं ताट गोठ्यात मांडायला सुरुवात केली होती. आमच्या यांनी, डॉक्टरांनी, तिला मागची खोली दिली. ती वाकळा शिवायची, मी तुला अक्षरं गिरवायला लावायची. माझ्या जुन्या झंपराच्या बाह्या लांब करून ती घालायची आणि आरशात बघून हसायची, ‘अक्का, मी अर्धी मडम झाले की!’ चैत्रात ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं एकच मागितलं. तुझ्या वडिलांच्या शेतात, तुमच्या लिंगायत रीतीनं, बसवून समाधी द्या. म्हणाली, ‘जिवंतपणी हाकललं. आता हाकलून दाखवा म्हणावं.’ तुझे वडील गेल्यापासून ते शेत कसणाऱ्या तुझ्या गुरुसिद्धप्पा काकांनी तेव्हा काही आडकाठी केली नाही. त्यांनीच खड्डा करवून घेतला, हे मी विसरणार नाही.

पण श्रावणही कोरडा गेला आणि गावाला आठवलं. कोडाचं माणूस पुरलं की पाऊस तोंड फिरवतो, ही त्या भागातली समजूत तुला ठाऊक आहे. उकरून, बाहेर काढून जाळावं लागतं, आणि पहिली कुदळ घरच्याच माणसानं मारावी लागते. तुमच्या बांधाला लागून मेंढरं बसवणारी मायाक्का ही बातमी घेऊन माझ्याकडे आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, ‘मडमबाई, उद्या न्हाय तर परवा. तुमी लिवनाऱ्या-वाचनाऱ्या हाय, तुमचं ऐकत्याल.’ आम्ही अक्कलकोटपर्यंत सर्व्हिस मोटारीनं गेलो आणि पुढे तिच्या गाडीनं. माझं ऐकतील, असं मलाही वाटलं होतं.

शेतात अख्खं गाव जमलं होतं. बायका लुगड्याचे पदर डोक्यावर घेऊन बांधावर बसल्या होत्या, जत्रेला बसाव्या तशा. काका पुढे आले. ‘अक्का, तुमी पावण्या. सावलीला बसा, च्या घ्या. माझी वैनी हाय ती, मला का आनंद हाय? पर गावाला पानी पायजे.’ मी तुझं पत्र काढलं आणि वाचलं. जिथे ही समजूत कुणी ऐकलेलीही नाही, तिथे पाऊस का पडला नाही, असं विचारलं. क्षणभर मला वाटलं की कस्तुरा वाचली. मग गोजाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती बांधावरून ओरडली, ‘म्हंजे तितं बी कोडाची बाई पुरल्याली हाय म्हना की!’ त्यावर कुणीतरी पुरुष म्हणाला, ‘आगं, तितं समदीच पांढरी. मग कसा पडंल पाऊस!’ सगळं शेत हसलं. तुझी अमेरिका त्यांच्या हातात मीच पुरावा म्हणून दिली होती.

मी समाधीवर जाऊन बसले. पन्नाशी उलटलेली बाई बसली की हात लावणार नाहीत, हा माझा हिशोब होता. दोघांनी मला दंडाला धरून उचललं आणि ढेकळांत टाकलं. मायाक्कानं काठी फिरवली. एकाचं कपाळ फुटलं. मग कुणीतरी कुदळीचा दांडा तिच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. काकांनी डोळे मिटून पहिली कुदळ मारली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. बाकीच्यांनी मिटले नाहीत. कोरडी जमीन फुटत नव्हती म्हणून ते शिव्या देत होते, कस्तुराला देत होते. तिला दोरानं वर काढलं. तिचं हिरवं इरकली लुगडं तसंच होतं. याहून जास्त मी तुला लिहिणार नाही. पोरांनी दगड मारले, आणि त्यांच्या आयांनी त्यांना अडवलं नाही.

तुराट्या पेटल्या तेव्हा उत्तरेकडून आभाळ काळं नव्हे, हिरवं झालं. वारा थांबला. मग गारा आल्या. भाद्रपदात गारा कुणी पाहिल्या आहेत? पहिली माझ्यासमोर पडली ती लिंबाएवढी होती, नंतरच्या मुठीएवढ्या. माणसं डोकी धरून किंचाळत पळाली. मायाक्काची मेंढरं एकमेकांत डोकी खुपसून उभी होती, तशीच आडवी झाली. मी आणि ती गाडीखाली पडून होतो. फळ्या फुटत होत्या. त्यामागून जो पाऊस आला त्यानं बांध नेले, उरलीसुरली बाजरी नेली, शेतांची वरची माती ओढ्यात ओतली. पण तुझ्या आईची चिता विझली. गाव म्हणतं, बाईला काढलं आणि पाऊस आला. ओढ्यानं तिला वाहून नेलं, असंही म्हणतं. त्यांचं अर्धं शेत वाहून गेलं, तरी त्यांनी गूळ वाटला. आता त्यांना कोण काय सांगणार?

ओढ्यानं तिला नेलं नाही, सिद्धाराम. मायाक्कानं एका हातानं घोंगडं पसरलं आणि आम्ही दोघींनी तिला त्यात घेतलं. मेलेल्या मेंढरांची गाडी सोलापूरला कातड्यांसाठी निघाली, तिच्यात खाली कस्तुरा होती. आमच्या चर्चच्या दफनभूमीत डॉक्टरांच्या शेजारी माझ्यासाठी राखलेली जागा आहे ना, तिथे आम्ही तिला ठेवलं. बसवून, तुमच्या रीतीनं, तोंड पूर्वेला. म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांनी विचारलं, बाप्तिस्मा झाला होता का? मी नाही म्हटलं. ते फाटकाची किल्ली माझ्या हातात देऊन आत गेले. पुढच्या महिन्यात ते आयर्लंडला परत जात आहेत आणि कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. दगडावर डॉक्टरांच्या नावाखाली माझं नाव आधीच कोरलेलं आहे, नुसतं साल भरायचं राहिलं आहे. त्या भिजण्यानंतर माझी छाती भरली ती मोकळी झालेली नाही, आणि इथले डॉक्टर माझ्याशी फार गोड बोलू लागले आहेत. म्हणून हे पत्र. मी गेले की नवे पाद्री आणि माझे भाचे चांगल्या मनानं, प्रार्थना म्हणत, ती जागा उघडायला येतील. तू ये, आणि त्यांना उघडू देऊ नकोस. मला कुठेही ठेव, फाटकाजवळ, भिंतीबाहेर, कुठेही. पण तिच्यावर पुन्हा कुदळ पडायची नाही.

तुझीच,
वच्छलामावशी